‘किती जाड झालीस गं!’

(दृश्य : शाळेचं मैदान, प्रार्थनेची वेळ)

सातवीचा वर्ग उंचीप्रमाणे उभा आहे. मुलींची रांग मुलांपेक्षा उंच दिसते, म्हणून मुलं ‘ताडमाड’ म्हणून चिडवतात. मुली साधारण १२व्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने उंच होतात, मुलं त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्यातही आधी हातापायांचे पंजे वाढतात, धड मागाहून. या वयाचं बेंगरूळपण येतं ते इथून.

मुलींच्या कमरेखाली आणि मांड्यांवर याच काळात चरबी साठते. ते इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं (हार्मोनचं) काम. पाळीचं चक्र नीट बसायला ती चरबी लागते. म्हणजे सगळं वेळेवर चाललेलं असतं. आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या तरी लग्नात मावशी म्हणते, “अगं बाई, किती जाड झालीस!” आत्या पुस्ती जोडते, “उन्हात फिरू नकोस, आधीच…” पुढचं मुलीला पाठच असतं.

१९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चं २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. डाळीचं पीठ आणि साय लावायचा सल्ला मात्र घरोघरी जागच्या जागी आहे.

(दृश्य : आरशासमोर केस विंचरणारा मुलगा)

या वयात वाटतं, सगळं जग आपल्याकडेच बघतंय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. आता त्या प्रेक्षकांच्या हातात मोबाइल आहे, फिल्टर आहेत, लाइक्सही मोजता येतात. पण सगळं खापर मोबाइलवर फोडणं मोठ्यांच्या फारच सोयीचं आहे. पहिला शेरा बहुतेकदा घरातच मारलेला असतो.

मुलांचं दुखणं तर कुणी विचारतच नाही. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांची छाती थोडी उभारते. हा संप्रेरकांचा तात्पुरता खेळ. बहुतेकांचा तो एक-दोन वर्षांत ओसरतो. पण हे सांगायचं कुणी? मुलगा पोहायला जाणं सोडतो, पीटीच्या तासाला त्याचं पोट दुखतं, भर उन्हाळ्यात शर्टाच्या आत दोन बनियन असतात.

दुसऱ्या टोकाला ‘काडीपैलवान’. तो तालुक्याच्या जिममध्ये नाव घालतो, प्रोटीनचा डबा आणतो. तिथवर ठीक. पण पुढे कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन पुढे केलं, तर हाडांची वाढती टोकं वेळेआधीच जुळू शकतात आणि उंची तिथेच खुंटू शकते. दंडासाठी उंची गमावण्याचा हा सौदा त्याला कुणी समजावून दिलेला नसतो.

(दृश्य : जेवणाचं ताट, अर्धी भाकरी तशीच)

‘भूक नाही’ रोजचंच झालं, जेवल्याबरोबर मूल बाथरूममध्ये जाऊन दार लावू लागलं, वजन उतरू लागलं, सुरू झालेली पाळी थांबली, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तिथे मुलाला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्या.