कंडक्टरचे दोन हात

नमस्कार, श्रोतेहो. आज मला रक्तस्रावाबद्दल बोलायला सांगितलंय. पण आधी एका कंडक्टरची गोष्ट सांगतो. आमच्या घरी ती सगळ्यांना पाठ आहे, तुम्ही तेवढी ऐकून घ्या.

साल १९९६. मी घाटाखालच्या एका सरकारी रुग्णालयात सर्जन होतो. उसाचा हंगाम, रात्रीचे नऊ. दारात लाल एसटी येऊन थांबली, प्रवाशांसकट. सीटांमधल्या वाटेत एक मोटारसायकलवाला आडवा, आणि शेजारी गुडघ्यांवर बसून त्याच्या मांडीवर दोन्ही तळहात रोवलेला कंडक्टर. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली केस. या ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नसतो, गाणी मात्र ठणाणा चालू असतात. किती वर्षं ओरडतोय मी! असो.

म्हटलं, "मास्तर, आता हात काढा."

"काढला की उडतंय, साहेब."

खरंच. सिस्टरनं टॉवेलची कड जरा उचलली, तर चिळकांडी थेट तिच्या अंगावर. मग काय, मास्तर वाकलेल्या अवस्थेतच स्ट्रेचरबरोबर चालत ऑपरेशन थिएटरात. गळ्यात पैशांची चामडी बॅग. ती उतरवायला साफ नकार. "कॅश आहे!" शेवटी सिस्टरनं ती स्वतःच्या गळ्यात अडकवली, तेव्हा गडी राजी झाला.

घाटातली पस्तीस मिनिटं आणि वर आमची दहा, मी चिमटा लावेपर्यंत त्याचे हात हलले नाहीत. मांडीतली मुख्य धमनी शाबूत होती, तिची फांदी तुटली होती. ती बांधली. रक्ताची बाटली जिल्ह्याहून यायला पहाट झाली, पण माणूस तोवर टिकला.

विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? रेडिएटरचा पाइप फुटला की ड्रायव्हर असंच फडकं दाबून धरतो."

तर श्रोतेहो, दाबून धरा. फडकं भिजलं तर काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा आणि दाबून धरा. भाताचं झाकण उघडून बघतो तसं दर दोन मिनिटांनी बघू नका. हळद, कॉफी, चुना काही भरू नका. काच किंवा लोखंड रुतलं असेल तर उपटू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. १०८ला फोन दुसऱ्याला करू द्या, तुमचे हात गुंतलेत. आणि पोलिसांचं भय नको. २०१९च्या कायद्यानं मदत करणाऱ्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही.

आणखी एक. अपघात किती वाजता झाला ते घड्याळात बघून ठेवा. ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड नावाचं एक स्वस्त इंजेक्शन आहे. चाळीस देशांतल्या वीस हजारांवर जखमींवर त्याचा अभ्यास झाला, २०१०मध्ये निष्कर्ष आले. तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, नंतर दिलं तर उलट अपाय होऊ शकतो. म्हणून वेळ सांगा. डॉक्टरांना आधी वेळ सांगा, मग बाकीचं.

हां, कंडक्टरचं राहिलंच. हात धुतल्यावर आम्ही चहा पुढं केला, तर त्यानं आधी बॅग मागितली. व्हरांड्यातल्या बाकावर बसून कॅश मोजली, दोनदा. मग चहा एका घोटात संपवला, गाडीत चढला आणि डबल बेल दिली.