मावशी आज नाहीत

(सकाळ. गावभागातला जुना वाडा. दारात चपला ठेवायची फळी, अजून रिकामी.)

सांगलीच्या गावभागात, एका वाड्याच्या तळमजल्यावर ही बालवाडी भरते. दोन खोल्या, मागं पत्र्याची पडवी आणि तीन ते सहा वयाची चाळीसेक मुलं. पावणेनऊला ती चालवणाऱ्या बाईंचा फोन वाजतो. पलीकडं मदतनीस मावशी.

"बाई, आज जमायचं न्हाई. नातवाला रात्रीपास्नं ताप हाय."

"असू दे मावशी, त्याला आधी दवाखान्यात न्या," म्हणत बाई फोन ठेवतात आणि पदर खोचतात. आजचा दिवस कसा जाणार आहे, हे त्यांना तिथंच कळून चुकतं.

जून संपत आलाय. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झालेत, तरी पाच-सहा जण अजून रडतात. एक जण दाराची कडी सोडत नाही. एकीला आजीचा पदर हवा असतो. एक मुलगा मात्र रडतच नाही. दप्तर छातीशी धरून भिंतीला टेकून बसतो, डबा उघडत नाही, कुणी हाक मारली तरी बघत नाही. मोठ्यानं रडणाऱ्यापेक्षा अशा गप्प मुलाची काळजी बाईंना जास्त वाटते. रडणारं मूल काय हवंय ते सांगत असतं. हा काहीच सांगत नाही. पहिल्या आठवड्यात तो एकाच माणसाजवळ सरकला होता, मावशींजवळ. आज त्याची नजर सारखी मोरीच्या दाराकडं जाते. मावशी तिथूनच बाहेर येतात.

(पडवी. घसरगुंडीजवळ तोच मुलगा, पाय एकमेकांत अडकवून उभा.)

साडेदहाच्या सुमारास तो असा उभा राहिला. बाईंनी ओळखलं. "चल, सू करून येऊ." त्यानं मान हलवली. नाही. बाई खाली बसल्या, हात पुढं केला. पुन्हा नाही. तेवढ्यात आतल्या खोलीत ठोकळ्यांचा डबा उपडा झाला, कुणीतरी कुणाचा तरी केस ओढला, आणि दुसऱ्या बाई एकट्या पडल्या. बाई आत जाऊन आल्या तोवर फरशी ओली होती आणि तो पायांकडं बघत होता.

बाईंनी त्याची पिशवी शोधली. तिच्यावर आईनं निळ्या दोऱ्यानं फुली घातलेली आहे. आतली चड्डी, पंचा, प्लॅस्टिकची पिशवी, सगळं नीट घडी केलेलं. त्याला बदलून, फरशीवर फिनेल मारून बाई उठल्या, तर बाहेर रिक्षावाले काका एका मुलीला न्यायला आलेले. रोजचे काका आजारी, हे दुसरे. मुलीच्या आईला फोन केल्याशिवाय तिला सोडायचं नाही. आई मार्केट यार्डात हळदीच्या वखारीत निवडणीला असते, मशीनच्या आवाजात फोन ऐकू जात नाही. काका वैतागले. बाई हलल्या नाहीत. आईचा फोन यायला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ चाळीस मुलांवर एकच डोळा होता.

मावशी असत्या, तर यातलं निम्मं कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

बालवाडी चालवणं म्हणजे गाणी, गोष्टी आणि रंगीत भिंती, असं बाहेरून वाटतं. तीन वर्षांचं मूल घरातून पहिल्यांदा बाहेर पडतं, तेव्हा ते शाळा नावाच्या जागेत रुळत नाही, ते एका माणसापाशी रुळतं. तोच चेहरा, तीच कड रोज दिसली, की आठ-पंधरा दिवसांत मूल सैल होतं. माणूस बदललं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मावशी टिकवणं हे इथलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.

मावशी का टिकत नाहीत, हे समजून घ्यायला हिशेबाची वही बघावी लागते. खाजगी बालवाडीला अनुदान नसतं. भाडं, वीज, खडू, फिनेल, पगार, सगळं फीमधून. इथले पालक हमाल, रिक्षावाले, छोटे दुकानदार. सौदे चांगले झाले की फी येते, नाहीतर "पुढच्या महिन्यात दोन्ही देतो बाई." एप्रिलच्या शेवटी शाळा सुटते, ती जूनच्या मध्यावर भरते. त्या दीड महिन्यात फी येत नाही, पण भाडं थांबत नाही. मावशींचं पोटही थांबत नाही. मे महिना हाच मावशी जाण्याचा महिना. कुणी लग्नाच्या जेवणावळीत पोळ्या लाटायला जातं, कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला, आणि तिथं चार पैसे जास्त मिळाले की जूनमध्ये परत का यावं? बाई आता दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढून मे महिन्याचा निम्मा पगार देतात. त्यांच्या स्वतःच्या हातात उन्हाळ्यात काही पडत नाही.

फी वाढवा, असं कुणीही सांगेल. वाढवायची तर पालकांना काहीतरी दाखवावं लागतं, आणि त्यांना बघायची असते वही. "मॅडम, शेजारचा पोरगा एबीसीडी लिहितोय. आमचं पोरगं नुसतं मातीत खेळतंय."

(जवळून: मातीचा गोळा मळणारे हात. मग एका बापाचे हात, हळदीनं पिवळे, डब्याचं झाकण लावताना.)

या हातांकडं बघा. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः मऊ कूर्चेचीच असतात. ती एकेक करून पक्की होत जातात, शेवटच्याला दहा-बारा वर्षं लागतात. साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबली, तर मूल मुठीनं दाबून लिहितं, बोटं दुखतात, आणि लिहिण्याचाच राग येतो. माती मळणं, मणी ओवणं, मटकीतून शेंगदाणे वेचणं ही लिहिण्याचीच तयारी. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला, आणि त्यात खेळावर भर दिला. बाई हे पालकसभेत दरवर्षी सांगतात. निम्मे पालक मान डोलावतात. दिवाळीनंतर दोन-तीन मुलं शंभर फुटी रोडवरच्या मोठ्या शाळेत जातात. त्यांची फी गेली, की मावशींचा पगार पुन्हा हिशेबात अडकतो.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, आणि पुढं वस्तीतल्या मुलांच्या अंगणातच शाळा नेली. तिथं शिक्षणाची सुरुवात मुलांची तोंडं-हात धुण्यापासून झाली. मावशी रोज तेच करतात. पगाराच्या वेळी मात्र ते काम शिक्षणात धरलं जात नाही, आणि हे मनाला लागतं.

पावसाळ्यातली आणखी एक कसोटी. एखाद्या मुलाच्या तळहातावर, तळपायावर पुरळ आणि तोंडात फोड दिसले, की त्याला आठवडाभर घरी ठेवावं लागतं, नाहीतर दहा जणांना होतं. आई-बाप दोघंही कामावर. "बाई, ताप न्हाई त्याला, बसवा की कोपऱ्यात." बाईंना नाही म्हणावं लागतं. त्या आईचा रोजगार बुडतो, हे माहीत असून.

(आयर्विन पूल. पाण्याची पातळी दाखवणारे आकडे.)

सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना कृष्णेची धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं. बालवाडीत छताजवळ चिखलाची रेघ उमटली होती. सतरंज्या, चित्रं, दाखले, सगळं गेलं. लाकडी ठोकळे तेवढे धुऊन निघाले. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मावशी खराटा घेऊन दारात उभ्या. त्यांचं स्वतःचं घरही बुडालेलं होतं. बाईंनी विचारलं, "तुमचं घर झालं का आवरून?"

"घर व्हईल हो. आया कामाला लागल्यात, पोरं ठिवायची कुठं?"

(दुसऱ्या दिवशीची सकाळ. फळीवर चपलांची रांग.)

नातवाचा ताप उतरलाय. मावशी आल्यात, हात पुसत मोरीच्या दारातून बाहेर येतात. भिंतीशी बसलेला मुलगा उठतो. दप्तर तिथंच खाली ठेवतो, चालत जातो आणि त्यांचं बोट धरतो. या शाळेत त्याचा आवाज आज पहिल्यांदा ऐकू येतो.

"मावशी, सू."