कसारा घाट आणि बर्कली साहेब

नमस्कार मंडळी, आज आपल्या घाटाबद्दल बोलायचंय. मुंबईहून नाशिकला येताना कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बारीकसा धक्का बसतो आणि गाडीतले जुने लोक लगेच म्हणतात, बँकर लागला, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन. माझे आजोबा इगतपुरीच्या लोकोशेडला होते, त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं की हा चढ 37 फुटाला 1 फूट आहे. रस्त्यावर हे काहीच वाटणार नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, वर पावसाचं पाणी, म्हणजे चाक घसरणारच की हो.

तर ही लाइन ज्याने आखली तो जेम्स जॉन बर्कली. जन्म 1819 चा, लंडनचा, रॉबर्ट स्टीफन्सन या नामांकित इंग्रज रेल्वे इंजिनियरच्या हाताखाली तयार झालेला. 1850 मध्ये जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा चीफ इंजिनियर म्हणून मुंबईत आला, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती याच्याच कामावर, आणि पुढच्याच वर्षी ठाण्याच्या खाडीवरून पूल टाकून त्याने गाडी कल्याणकडे काढली. एक गोष्ट मला फार आवडते, त्याने जमशेटजी दोराबजी या आपल्याकडच्या पारशी कंत्राटदारावर विश्वास टाकला आणि त्यांचं काम उत्तम निघालं.

पण खरी परीक्षा सह्याद्रीत होती. इकडे थळ घाट, म्हणजे आपला कसारा, तिकडे पुण्याच्या वाटेवर बोर घाट, दोन्ही एकाच वेळी. काळा कातळ, सुरुंगाची दारू, हातातल्या छिन्न्या, त्यात पटकी यायची आणि माणसं पटापट जायची. एकट्या बोर घाटात एका वेळेला 40 हजारांवर मजूर होते. आपल्या घाटात एहेगावची दरी आडवी आली, तिच्यावर पावणेदोनशे फुटांहून उंच पूल, दोन्ही कडांना दगडी कमानी आणि मधे लोखंडी गर्डर. आणि घाटात एके ठिकाणी वळायलाच जागा नव्हती, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन केलं, गाडी बंद टोकाला न्यायची, इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि तिथून उलट दिशेने पुढचा चढ.

या सगळ्यात साहेबाची तब्येत पार ढासळली, इंग्लंडला परत गेला आणि 1862 च्या ऑगस्टमध्ये वारला, वय फक्त 42. बोर घाट 1863 ला सुरू झाला, आपला घाट 1 जानेवारी 1865 ला. इगतपुरीला चढून आलेली पहिली गाडी त्याने बघितलीच नाही, आणि सुरुंग लावणाऱ्यांतल्याही कितीजणांनी नाही.