दादाचा मित्र

नमस्कार श्रोतेहो. आज प्रेमाविषयी बोलायचंय. धाकटी बहीण आणि भावाचा जिवलग मित्र, त्यातून तो वयाने बराच मोठा, अशा प्रेमाविषयी. घरात या प्रेमाचं नाव निघालं की आधी सगळे गप्प होतात आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात. कादंबऱ्यांमध्ये ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. मुखपृष्ठावर उघडी छाती, वाऱ्यावर उडणारे केस. मला त्या मुखपृष्ठांचा राग येतो, कारण धग तिथे नसतेच. धग कुठे असते ते मला ठाऊक आहे. माझा नवरा माझ्या थोरल्या भावाचा जिवलग मित्र आहे, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. नवऱ्याला आणि दादाला विचारूनच मी आज इथे बोलायला बसले आहे. नावं मात्र घेणार नाही.

आधी वयं सांगते. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून दोनदा सांगेन. तो आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मी २४ वर्षांची होते, नोकरी करत होते. तो ३७ चा. दादाशी त्याची ओळख कामाच्या ठिकाणची. आमच्यात जे काही घडलं ते त्यानंतर सात वर्षांनी. तेव्हा मी ३१, तो ४४. पुन्हा सांगते, मी ३१, तो ४४. हे आकडे मी आधी मांडते, कारण अंतर किती यापेक्षा ते कोणत्या वयात पडलंय हे बघायचं असतं. तेरा वर्षांचंच अंतर १६ आणि २९ मध्येही असतं. त्याला मी प्रेमकथा म्हणत नाही, कुणी कितीही गोड शब्दांत लिहिली तरी म्हणणार नाही. तिथे एक मूल असतं आणि एक मोठा माणूस असतो. त्या मुलीला आधी तिथून बाहेर काढायचं, बाकी बोलणं नंतर.

एक जुना ठोकताळा आहे, तुम्ही ऐकला असेल. मोठ्याच्या वयाचं निम्मं करायचं आणि त्यात सात मिळवायचे. त्याहून धाकटं माणूस नको. ४४ चे निम्मे २२, अधिक सात, २९. मी ३१ ची, म्हणजे पास. मी तेव्हा खरंच हा हिशेब कागदावर मांडला होता. पण निर्णय कोण घेतं, पैसा कुणाच्या हातात आहे, नको म्हणायची मुभा आहे का, यातलं काहीच तो हिशेब विचारत नाही. माझी नोकरी माझी होती, राहती खोली माझी होती, दाराची किल्ली माझ्याकडे होती. मला त्या किल्लीचा भरवसा जास्त वाटतो.

आता ‘दादा’ या शब्दाकडे येते, कारण सगळी गोष्ट त्या शब्दापाशी अडते. भावाचा मित्र घरी आला की आपण त्याच्या नावापुढे दादा लावतो. मीही लावला, सात वर्षं. मग मनात काही हललं की पहिला घाव त्या शब्दाचाच बसतो. अगं, दादा म्हणतेस ना त्याला! मलाही अपराधी वाटायचं. पुढे मी एडवर्ड वेस्टरमार्कविषयी वाचलं. फिनलंडचा हा अभ्यासक १८९१ साली विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिताना म्हणाला की जी माणसं अगदी लहानपणापासून एका घरात वाढतात, त्यांच्यात मोठेपणी शारीरिक ओढ सहसा निर्माण होत नाही. म्हणजे ती ओढ एकत्र गेलेल्या बालपणामुळे मिटते, एखाद्या शब्दाने नाही. माझं आणि त्याचं बालपण एकत्र गेलंच नव्हतं. मी तोंडाने दादा म्हणत होते, शरीराला तसं कुणी शिकवलं नव्हतं.

इंग्रज लेखिका जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही कादंबरी डिसेंबर १८१५ मध्ये आली. त्यात नायक सोळा वर्षांनी मोठा, नायिकेच्या बहिणीचा दीर, घरात रोज येणारा. नाचाच्या रात्री ती त्याला म्हणते, आपण काही इतके भाऊबहीण नाही की एकत्र नाचणं वावगं ठरावं. आणि तो लगेच उत्तरतो, भाऊबहीण? मुळीच नाही! दोनशे वर्षं झाली त्याला. अडचण तीच, शब्दही तोच.

तर आता ती संध्याकाळ. ही मी फार वेळा सांगितली आहे, तरी सांगताना अजून हाताला घाम येतो.

दादा घर बदलत होता. दुसऱ्या दिवशी सामान हलायचं होतं आणि पुस्तकं बांधायची राहिली होती. दादा नव्या घराची किल्ली घ्यायला गेला. जुन्या घरात मी, तो आणि जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. पुस्तकं नेहमी लहान खोक्यांत भरावीत, एवढं जाता जाता सांगते. लोक मोठी खोकी भरतात, मग ती कुणालाच उचलत नाहीत, तळ फाटतो आणि पुस्तकांच्या कडा दुमडतात. पुस्तकाला इतकी वाईट वागणूक देणारी माणसं मला समजत नाहीत. आम्ही लहान खोकी भरत होतो. तो वरच्या फळीवरून काढून देत होता, मी खाली रचत होते. अधूनमधून एखादं पुस्तक उघडून तो दोन ओळी वाचायचा आणि मग माझ्या हातात द्यायचा.

सगळ्यात खालचा कप्पा रिकामा झाला का, हे बघायला मी आत हात फिरवला. आतलं लाकूड तासलेलं नव्हतं. तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी कुसळ घुसलं. मी हात झटकला आणि त्याच वेळी वीज गेली.

त्याने बॅटरी शोधली. आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली, काडीच्या ज्योतीवर धरली. मी खोक्यावर बसले, तो समोर जमिनीवर गुडघे टेकून. बॅटरी मी दुसऱ्या हातात धरली होती. त्याने माझा तळहात जवळ घेतला, मग लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. दिसेना. मग खिशातून चाळिशी काढली आणि डोळ्यांवर चढवली. श्रोतेहो, सात वर्षांत मी त्याला चाळिशीत कधी पाहिलं नव्हतं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं दिसेनासं होतं, सगळ्यांनाच होतं. पण त्या क्षणी मला एवढंच वाटलं की हा माणूस माझा हात नीट दिसावा म्हणून आपलं वय माझ्यासमोर उघडं करतोय.

“दुखलं तर सांग,” तो म्हणाला.

दुखत होतं. मी सांगितलं नाही.

त्याच्या डाव्या हाताचा अंगठा माझ्या मनगटावर होता, हात हलू नये म्हणून दाबलेला. बरोबर नाडीवर. नाडी धावत होती, ती त्याला अंगठ्याखाली कळत होती, आणि त्याला कळतंय हे मला कळत होतं. त्याचा श्वास तळहातावर येत होता. सुईचं टोक टोचत होतं त्याच्या भोवतीची सगळी कातडी जागी झाली होती, मनगटापासून वर, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. बॅटरीचा उजेड हलायला लागला. “धर नीट,” तो म्हणाला, पण आवाज त्याचाही नेहमीचा नव्हता.

कुसळ निघालं. त्याने ते सुईच्या टोकावर मला दाखवलं. एवढंसं होतं. हात मात्र सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही.

मग मी त्याचं नाव घेतलं. फक्त नाव.

त्याने चाळिशीच्या वरून पाहिलं. “काय म्हणालीस?”

“नाव घेतलं.”

“नुसतं नाव घेतलंस.”

“हो.”

तो काही बोलला नाही. चाळिशी काढली, एक काडी मिटली, मग दुसरी, आणि खिशात ठेवली. इतकी सावकाश की मी मरते की काय असं मला वाटलं. मी सांगितलं होतं ना, धग कुठे असते ते? त्या दोन काड्या मिटण्यात होती.

पहिलं पाऊल मी उचललं. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक नेहमी धरून चालतात की मोठ्यानेच धाकटीला ओढलं असणार. मी खाली वाकले आणि त्याच्या ओठांवर ओठ ठेवले. क्षणभर तो स्तब्ध राहिला, आणि मग त्याचा हात माझ्या मानेमागे आला, केसांत. जुन्या कागदाचा वास, त्याच्या खांद्यावरची धूळ, माझ्या हातातून सुटून गडगडत गेलेली बॅटरी, भिंतीवर फिरत गेलेला तिचा उजेड. त्याच्या शर्टाचं वरचं बटण माझ्या मुठीत होतं. ते तुटलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

थांबवलं त्याने. माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं आणि म्हणाला, “उद्या सकाळीही तुला हेच वाटत असेल तर मला सांग. नसेल वाटत तर कुसळ काढलं, एवढंच झालं.” आणि उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला, अंधारात.

वीज आली. दादा आला. खोक्यांकडे बघून म्हणाला, “दोन तासांत एवढीच?”

सकाळी सहा वाजता मी फोन केला. संदेश नाही पाठवला. असल्या गोष्टी लिहून पाठवू नयेत, त्या समोरच्याला आपल्या आवाजात ऐकू जाऊ द्याव्यात. मी म्हटलं, “हेच वाटतंय.” पलीकडून फक्त श्वास ऐकू आला. मग तो हसला. त्यालाही झोप लागली नव्हती.

त्यानंतर एकोणीस दिवस आम्ही दादापासून लपवलं. त्या दिवसांची नशा मी नाकारत नाही. दादा पलीकडच्या खोलीत आणि जिन्याच्या वळणावर आमची बोटं एकमेकांत. सगळे गप्पा मारत बसलेले आणि टेबलाखाली त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला, दोघंही बोलताना एक शब्द चुकत नाही. छाती नुसती धडधडायची. पण ती धडधड सगळी प्रेमाची नव्हती. १९७४ साली डटन आणि आरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या उंच, हलत्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पुलावर एक तरुणी पुरुषांना प्रश्न विचारायची आणि आपला फोन नंबर द्यायची. भक्कम, ठेंगण्या पुलावर भेटलेल्यांपेक्षा या हलत्या पुलावर भेटलेल्यांनी तिला नंतर जास्त फोन केले. भीतीने वाढलेले ठोके माणूस ओढीच्या खात्यात जमा करतो. चोरून केलेलं प्रेम त्या पुलासारखंच आहे. पुलावरून उतरल्यावर काय उरतं ते पाहायला हवं. म्हणून भावाला सांगा, लवकर सांगा, आणि दोघांनी मिळून सांगा. पुन्हा म्हणते, लवकर, आणि दोघांनी मिळून.

आम्ही उशीर केला. विसाव्या दिवशी सांगितलं. दादा मला काही बोलला नाही. मित्राकडे बघून म्हणाला, “सात वर्षं मी तुला घरचा समजलो, आणि एकोणीस दिवस तू मला परका समजलास.” वयाविषयी एक अक्षर नाही. चार महिने त्याने मित्राशी बोलणं टाकलं. त्या चार महिन्यांत माझ्या नवऱ्याचे केस पांढरे झाले म्हणतात तसं खरंच झालं. बहीण-भावाचं नातं तुटत नाही, ते रक्ताने धरलेलं असतं. मैत्री मात्र दोघांनी रोज धरून ठेवायची असते, आणि या प्रेमात सगळ्यात मोठी जोखीम तीच घेते. मुलींना मी नेहमी सांगते, तुम्ही प्रियकर गमवाल फार तर, पण तुमचा भाऊ आपला एकुलता एक मित्र गमवेल, तेवढा विचार करा.

लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि तिची बहीण व्हनेसा, दोघींनी आपल्या भावाच्या केंब्रिजमधल्या मित्रांशीच लग्नं केली, व्हनेसाने १९०७ साली आणि व्हर्जिनियाने १९१२ साली. त्यांचा भाऊ थोबी १९०६ मध्येच विषमज्वराने गेला होता. दोन्ही मित्र त्यानेच घरात आणलेले, आणि एकही लग्न त्याने पाहिलं नाही. हे वाचलं त्या दिवशी मी दादाला उगाचच फोन केला होता.

आज मी ५२ ची आहे, तो ६५ चा. वय हा नुसता आकडा असतो असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. तो निवृत्त झाला त्याच सुमारास माझी पाळी थांबली आणि कामात माझ्यावर सगळ्यात मोठी जबाबदारी आली. त्याला दुपारी गप्पा हव्यात, मी रात्री आठला घरी येते. मूल हवं की नको हे आम्हाला पहिल्या वर्षीच बोलावं लागलं, कारण वाट पाहायला त्याच्याकडे वर्षं कमी होती. कुणाचं दुखणं कुणी काढायचं तेही बोललोय. ही बोलणी टाळता येत नाहीत. आणि अजूनही रात्री वाचताना तो चाळिशी काढून एक काडी मिटतो, मग दुसरी, तेव्हा माझ्या हातातलं पुस्तक खाली जातं.

दादा आता रोज येतो. मित्रावर रागावला असेल तर मला म्हणतो, “तुझ्या नवऱ्याला सांग.” खूश असेल तर म्हणतो, “माझ्या मित्राला बोलाव.” काल संध्याकाळी दारातूनच ओरडला, “माझा मित्र कुठे आहे?”

नमस्कार.