यादीत आपला डायनासोर कधी येणार?

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी आटोपून तुळशीची लग्नं लागायच्या सुमारास जगभरातल्या काही हौशी मंडळींचा जीव टांगणीला लागतो. पुढच्या वर्षी कोणकोणते नवे डायनासोर येणार, याच्या याद्या आणि फोटो खेळणी बनवणाऱ्या कंपन्या त्या दिवसांत एकेक करून बाहेर सोडू लागतात. जानेवारी सरता सरता जर्मनीत न्यूरेम्बर्गला खेळण्यांचा मोठा मेळा भरतो, तोवर चित्र बरंचसं स्पष्ट झालेलं असतं. कुणाला हवा तो प्राणी यादीत सापडतो, कुणाची सलग कितव्यांदा तरी निराशा होते. मीही त्या मंडळींतलाच एक. शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरी डायनासोरांच्या प्रतिकृती जमवतो.

प्रतिकृती म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. जत्रेच्या फेरीत किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टोपलीभर डायनासोर मिळतात ना, पोकळ प्लास्टिकचे, हिरवे-तांबडे, पोटात सेल घालायची जागा असलेले, ते वेगळे. दुकानदार मला ओळखतो. म्हणतो, "मास्तर, हा घेऊन जा, बटण दाबलं की ओरडतो!" पोरांना तो आवडतो आणि आवडावाच. मी म्हणतोय त्या प्रतिकृती भरीव पीव्हीसीच्या असतात. मूर्तिकार हाडांचे आराखडे समोर ठेवून मूळ नमुना घडवतो, कधी जीवाश्मतज्ज्ञाचा सल्लाही घेतलेला असतो. अमेरिकेतली सफारी, फ्रान्सची पापो, जर्मनीची श्लाइश, शिवाय कलेक्टा, चीनमधली पीएनएसओ, ही त्यातली ठळक नावं. सफारीने पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाबरोबर १९८८ साली एक मालिका सुरू केली होती. त्यातले बहुतेक प्राणी एकाच प्रमाणात, १:४० या मापात केलेले. म्हणजे शेजारी शेजारी मांडले की कोण किती मोठा, ते डोळ्यांना दिसायचं. २०१५ मध्ये ती मालिका बंद झाली. जुने संग्राहक अजून तिचं नाव काढून हळहळतात, आणि त्यांची हळहळ मला पुरेपूर समजते.

आता निराशा कुठे होते ते पाहू. घोषणेच्या वेळी आपल्याला दिसतो तो नमुना हाताने रंगवलेला असतो. एका कलावंताने सावकाश बसून, खवल्याखवल्यात गडद रंग जिरवून, वरून कोरड्या ब्रशाने फिका हात फिरवून केलेलं ते काम. पुढे त्याचे हजारो नग निघतात. तिथे साचा लावून रंगाचा फवारा मारतात, आणि प्रत्येक जादा रंग म्हणजे जादा हात, जादा खर्च. मग फोटोतले सात रंग हातात येईपर्यंत तीन उरतात. पाठीवरचे पट्टे पोटाशी विरत जायला हवेत, ते मध्येच सुरीने कापल्यासारखे थांबतात.

सगळ्यात जास्त सल लागतो तो डोळ्याचा. परवाच एक खोकं उघडलं. प्राणी देखणा, कातडीच्या सुरकुत्या काखेत आणि मांडीच्या वळणावर अगदी बरोबर बसलेल्या, पायाच्या नखांना वेगळा रंग. आणि डाव्या डोळ्याचा पिवळा ठिपका खोबणीतून सरकून भुवईच्या कंगोऱ्यावर चढलेला. उजवीकडून बघावं तर शिकारी, डावीकडून बघावं तर झोपेतून उठलेला. आपल्याकडे चतुर्थीच्या आधी चित्रशाळेत मूर्ती ठरवायला गेलेला माणूस आधी डोळ्यांची आखणी बघतो. आखणी साधली नसेल तर बाकी सगळं सुबक असूनही मन बसत नाही. इथेही तसंच होतं.

दुसरं दुखणं पायाचं. टी-रेक्स, ॲलोसॉरस यांच्यासारखे प्राणी दोन पायांवर चालत आणि शेपटीने तोल सांभाळत. प्लास्टिकच्या प्रतिकृतीला ते जमणं कठीण. म्हणून कुणी पावलं नको तेवढी मोठी करतं, कुणी शेपूट जमिनीला टेकवून तिसरा पाय करतं, कुणी खाली चौथरा देतं. मला विचाराल तर चौथरा केव्हाही बरा, प्राण्याच्या शरीराशी तडजोड होत नाही. त्यातून आपल्या गोव्याचा एप्रिल-मे. पीव्हीसी उष्णतेने मऊ होतं, घोटा हळूहळू वाकतो आणि एका सकाळी सगळी रांग एकमेकांवर आडवी झालेली असते. यावर उपाय आहे, ज्यांच्या घरी हा प्रकार आहे त्यांनी लक्षात ठेवावा. पाणी चांगलं कढत करायचं, वाकलेला पाय त्यात मिनिटभर धरायचा, मऊ झाला की सरळ करून लगेच गार पाण्यात बुडवायचा. थंड होईपर्यंत हात सोडायचा नाही. मुलांनी हे मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करावं. पावसाळ्यात बुरशी धरते तेव्हा सौम्य साबणाचं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. फडताळाचं दार मात्र अधूनमधून उघडं ठेवावं.

तेच ते प्राणी दरवर्षी का येतात, हाही नेहमीचा प्रश्न. टी-रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स खपतात, साच्याचा खर्च भरून निघतो. यापलीकडे त्यात काही नाही.

पण एक निराशा अशी आहे की तिचा दोष कुणालाच देता येत नाही, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. ती म्हणजे विज्ञान पुढे गेल्याने होणारी. स्पायनोसॉरसचंच बघा. इजिप्तमध्ये सापडलेल्या हाडांवरून एर्न्स्ट श्ट्रोमर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१५ साली त्याचं वर्णन केलं. पाठीवर माणसाच्या उंचीएवढे काटे, त्यांवर ताणलेलं शीड. ती हाडं म्युनिकच्या संग्रहालयात होती आणि एप्रिल १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. पुढे कित्येक वर्षं या प्राण्याची कल्पना श्ट्रोमरच्या चित्रांवर आणि इतर शिकारी डायनासोरांच्या अंगकाठीवर चालत राहिली. २०१४ साली मोरोक्कोतल्या नव्या सांगाड्यावरून कळलं की त्याचे मागचे पाय चांगलेच आखूड होते. लगेच कंपन्यांनी आखूड पायांचे स्पायनोसॉरस काढले, संग्राहकांनी जुने मागे सरकवून नवे पुढे मांडले. २०२० मध्ये शेपटी सापडली. उभी, रुंद, वल्ह्यासारखी. झालं, आखूड पायांचे पण बारीक शेपटीचे सगळे पुन्हा जुने. तो पाण्यात पोहून शिकार करायचा की काठाशी उभा राहून मासे टिपायचा, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालूच आहे.

माझ्याकडे या तिन्ही पिढ्यांचे स्पायनोसॉरस एका ओळीत उभे आहेत. पाठ्यपुस्तकातला सिद्धांत बदलला असं वर्गात सांगितलं तर मुलं वहीत लिहून घेतात. ही ओळ पाहिली की ती विचारतात, "सर, मग पुढचा कसा असेल?" या प्रश्नासाठी मी जुनी प्रतिकृती कधी टाकून देत नाही.

खेळणं ते खेळणं, त्याच्या मनगटाचा आणि ओठाचा एवढा काथ्याकूट कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. मला हा काथ्याकूट रास्त वाटतो. शिकारी डायनासोरांचे तळवे एकमेकांसमोर असत, टाळी वाजवताना आपले असतात तसे, जमिनीकडे वळलेले नसत. व्हेलॉसिरॅप्टरच्या पुढच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा २००७ साली दाखवल्या गेल्या. टी-रेक्सचे दात ओठांनी झाकलेले असावेत, असं मांडणारा अभ्यास २०२३ मध्ये आला. हे सगळं माणसांनी दगडातून कण कण टोकरून मिळवलेलं ज्ञान आहे. आणि आपल्या गोव्यातल्या मुलापर्यंत ते पोचणार कसं? आपल्या पायाखालचे बहुतेक खडक डायनासोरांच्या काळाहून कितीतरी पटींनी जुने. त्यांत डायनासोरचं हाड मिळणं शक्य नाही. भारतात उभा केलेला खरा सांगाडा बघायचा तर हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रातला कोटासॉरस किंवा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतला बारापासॉरस. डिचोलीच्या, काणकोणच्या मुलाने तिथे जायचं कधी? त्याच्या तळहातावर मावणारी ती वीतभर आकृती हेच त्याचं संग्रहालय. मग ती खरी असावी असा हट्ट धरण्यात गैर काय?

आता किमतीचं. परदेशी खेळण्यांवरचं आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्के झालं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्हही सक्तीचं झालं. रंगात शिसं नसावं, तुकडा मोडून घशात जाऊ नये, यासाठी असा नियम हवाच. पण त्यामुळे थोड्या संख्येने निघणाऱ्या चांगल्या परदेशी प्रतिकृती इथल्या दुकानात येणं अवघड झालं. मागवलेलं पार्सल अडकतं, सुटतं तेव्हा मूळ किमतीला कितीतरी भर पडलेली असते. माझ्या ओळखीचे काही तरुण संग्राहक याच कारणाने थांबले. पहिल्या नोकरीच्या पगारात हे बसत नाही.

म्हणूनच मला आज तुमच्यासमोर आपल्या डायनासोरांचा विषय काढायचा आहे. दरवर्षी यादी आली की मी आधी भारतीय नाव शोधतो. राजासॉरस एकदा कलेक्टाने काढला होता. बाकीच्यांची वाट बघणं चालू आहे. आणि काय एकेक प्राणी आहेत! गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला १९८०च्या दशकात हाडं मिळाली आणि २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. कपाळावर बुटकं शिंग असलेला दणकट शिकारी. बारापासॉरसची हाडं १९६१ मध्ये, रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, गोदावरीच्या खोऱ्यात मिळाली, म्हणून त्याच्या नावात 'टागोराय' आहे. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस. लांब पुढचे पाय, उंच खांदे, बाकीच्या लांबमान्या भाऊबंदांहून वेगळीच ठेवण. इतक्या वेगळ्या बांध्याचा प्राणी मूर्तिकारांच्या नजरेतून सुटतो कसा, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

याच चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा सापडते. २००५ साली तिच्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाले, आणि डायनासोरांच्या काळातही गवत होतं हे जगाला कळलं. संग्राहकांत एक अलिखित नियम असतो, डायनासोरच्या देखाव्यात गवत लावायचं नाही. इसिसॉरसच्या पायाखाली मात्र ते बिनदिक्कत लावता येईल! आणि मागे ज्वालामुखीचा लाव्हा दाखवला तरी चालेल, कारण दख्खनच्या लाव्ह्याच्या काळातलेच हे प्राणी. तोच काळा पाषाण गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यापर्यंत आलेला आहे. आपल्या भूमीचा या प्राण्यांशी संबंध जोडायचा तर तो तेवढ्या कोपऱ्यातून.

मग वाट किती बघायची? माशेलपासून मयेपर्यंत आपल्याकडे मातीत जीव ओतणारे हात आहेत. चतुर्थीनंतर त्यांना थोडी उसंत असते. अशाच एका मूर्तिकार मित्राला मी गळ घातली, आणि इसिसॉरसचा पहिला मातीचा नमुना सध्या त्याच्या चित्रशाळेत उभा राहतोय. मान, पाठ, कंबर, डावा पुढचा पाय यांची हाडं मिळालेली असल्याने तिथे अडचण आली नाही. मागचे पाय मिळालेले नाहीत, ते जवळच्या जातींवरून घ्यावे लागले. डोक्यापाशी काम थांबलं. सांगाड्यासोबत कवटी नव्हतीच. मित्राने विचारलं, "मास्तर, तोंड कुणाचं देऊ?"

मी त्याला मादागास्करच्या रापेटोसॉरसचे फोटो नेऊन दिले. तोही याच कुळातला, त्याची कवटी मिळालेली आहे, आणि मादागास्कर एकेकाळी भारताला जोडलेलं होतं. लांबट मुस्कट, पेन्सिलीसारखे बारीक दात, नाकपुड्यांची छिद्रं वर डोळ्यांच्या बाजूला. मित्राचं म्हणणं, नाकपुडीचं मांसल टोक तरी पुढे यायला हवं, नाहीतर चेहरा ओका दिसेल. काही शास्त्रज्ञांचंही मत तसंच आहे. माती ओली आहे तोवर दोन्ही करून बघायचं ठरलंय. श्रोत्यांपैकी कुणा मूर्तिकाराला किंवा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात हात घालायचा असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर लिहा. आपल्याकडे राजासॉरसला अजून कुणी हात लावलेला नाही.

नमस्कार.