बेटावर पक्षी बघायला जाताय? आधी भरतीची वेळ बघा

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये पुन्हा तोच प्रश्न: पहाटे उठून बेटावर गेलो, पक्षी कुठे होते?

टोपी, पाणी, पाय न घसरणारे बूट, हे सांगायला नको. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या. १०× वाऱ्यात आणि होडीत फार हलते. विषय संपला.

आता मुद्दा. बेटावर सूर्योदय नाही, भरती बघायची. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखले, पाणटिवळे असे किनाऱ्यावरचे पक्षी त्यात किडे शोधत लांबवर पांगतात. दुर्बिणीत नुसते ठिपके. पाणी चढायला लागलं की तेच पक्षी मागे सरकत आपणहून तुमच्याकडे येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसा. बसा म्हणतोय, फिरू नका.

"काल आठला भरती होती, आजही आठला जातो." अहो, रोज ती साधारण ५० मिनिटं पुढे जाते! शिवाय भरती-ओहोटीचा तक्ता जवळच्या बंदराचा असतो, बेटावर वेळ थोडी मागेपुढे होते. होडीवाल्याला विचारा. आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फार चढत नाही, पक्षी लांबच राहतात. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास जा.

चालणाऱ्यांनाही हेच. पाणी एकसारखं चढत नाही. चढायला लागणाऱ्या साधारण सहा तासांपैकी पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, पण तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं. "अजून कुठे चढलंय" म्हणत खडकाच्या टोकाला वळसा घालणारे इथेच अडकतात. वळसा पाणी उतरत असतानाच घ्या. म्हणजे क्रम असा: चढत्या पाण्याला बसायचं, उतरत्या पाण्याला चालायचं. परतीची होडी आधी ठरवा. पूर्ण ओहोटीला उथळ धक्क्याला ती लागतच नाही.

भरतीला थवा कोरड्या वाळूवर एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेला असतो. एकाने मान वर काढली की थांबा. दोघं-तिघं चालू लागले की मागे व्हा. "उडवले की फोटो भारी येतो" लिहिणाऱ्यांनो, २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियाला न थांबता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडत गेलं. ते सगळं अंगातल्या चरबीवर. तीच चरबी तुमच्या फोटोपायी जळते.

आणि हो, कुत्रा बांधून आणला तर चालेल का? नाही.