अंगणातलं नाटक : बादल सरकारांची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

गोंधळाला आपल्याकडे स्टेज लागत नाही. अंगणात चौक मांडला, दिवटी पेटली, संबळ वाजायला लागलं, की माणसं आपसूक भोवती बसतात. कोलकात्याचे नाटककार बादल सरकार यांनी नाटकाला अशाच जागेत आणलं, आणि तेही चांगलं चाललेलं स्टेज सोडून.

त्यांचा जन्म १५ जुलै १९२५ चा. शिबपूरला इंजिनिअरिंग झालं, मग शहररचनेची नोकरी. त्यासाठी इंग्लंड आणि नायजेरियातही राहिले. १९६३ साली लिहिलेल्या 'एवम् इंद्रजित' या नाटकानं ते देशभर पोहोचले. १९६७ मध्ये त्यांनी 'शताब्दी' ही संस्था काढली. सुरुवातीला तीही पडदा असलेल्या रंगमंचावरच नाटकं करायची. पण हॉलचं भाडं, सेट, लाईट यांचा खर्च तिकिटातून काढायचा, म्हणजे तिकीट न परवडणारा माणूस बाहेरच राहणार. आणि ज्यानं तिकीट काढलं तो अंधारात. नटाला त्याचा चेहरासुद्धा दिसत नाही. सरकारांना ही दुसरी गोष्ट जास्त खटकली. सत्तरच्या दशकात ते आधी एका खोलीत आले, प्रेक्षक नटांच्या भोवती बसवले आणि त्याला 'अंगनमंच' म्हटलं. मग कोलकात्यातलं कर्झन पार्क, मग खेडी. लोककला ही पहिली रंगभूमी, शहरातलं स्टेज ही दुसरी, आणि दोन्हींकडून घेऊन उभी राहिली ती तिसरी. कुठंही नेता येईल, कशीही वळवता येईल आणि खर्च जवळजवळ नाही, या तिच्या तीन अटी.

मराठवाड्यातल्या हौशी मंडळांना ही वाट जवळची आहे. मात्र स्वस्त म्हणजे सोपं, असा समज करून घेऊ नका. सेट काढला की झाड, मोटार, पोलीस, दार सगळं नटाच्या अंगानंच दाखवायचं असतं. आठ जण असतील तर निदान महिनाभर तालीम धरा, आणि पहिला आठवडा संहिता हातात न घेता नुसत्या हालचालीचा.

जागा निवडताना शाळेचं मैदान पहा, देवळाचा सभामंडप पहा. खेळायला वीस फूट बाय वीस फूट पुरतं. फक्कीनं रेघ मारा, कोपऱ्यांतून तीन-तीन फुटांच्या वाटा सोडा. पुढं सतरंजीवर पोरं, मागं बाकडी, त्यामागं उभी माणसं. ही उतरंड नसली की मागच्याला दिसत नाही, तो पुढं सरकतो, आणि दहा मिनिटांत वीस फुटांचे बारा होतात. दीडशेच्या वर माणूस जमलं तर दुसरा प्रयोग लावा, माईक लावू नका.

आवाज हमखास इथं बसतो. उघड्यावर आवाज परतवायला भिंत नसते. नटाला वाटतं आपण पोहोचत नाही, तो ओरडतो, आणि विसाव्या मिनिटाला घसा जातो. म्हणून एका बाजूला तरी भिंत घ्या, वारा कुठून येतो ते पहा, आणि महत्त्वाची वाक्यं चार जणांनी मिळून म्हणा. आपल्या भारुडात झीलकरी हेच काम करतात.

चारही बाजूंना प्रेक्षक म्हटल्यावर कुणाकडं तरी पाठ होणारच. दोन पात्रं जवळ, समोरासमोर उभी राहिली की एकमेकांना झाकतात. त्यांना तिरकं, सात-आठ फुटांवर ठेवा, आणि तीन-चार वाक्यांनंतर दिशा बदला. ही वळणं तालमीतच बसवा. ऐनवेळी सुचत नाहीत.

'मिछिल', म्हणजे मोर्चा, हे सरकारांचं या पद्धतीचं गाजलेलं नाटक. अमोल पालेकरांनी ते 'जुलूस' नावानं मराठीत केलं. त्यातले मोर्चे प्रेक्षकांच्या मधून फिरतात आणि शेवटी प्रेक्षकही त्यात ओढले जातात. गावात हा भाग जपून करावा लागतो. अनोळखी बाईचा हात नटानं धरू नये. बायकांच्या बाजूला मंडळातल्या मुलींनीच जावं. नुसतं 'चला' म्हणून शेजारी चालायला लागलं, तरी माणसं उठतात.

आणि त्यांचं 'भोमा' वाचाच. सुंदरबनात जंगल तोडून जमीन करणाऱ्यांच्या घरातला भोमा हा माणूस; त्याच्या कष्टावर शहर जेवतं, पण शहराला त्याचं नाव ठाऊक नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या तांड्यावर हे नाटक समजावून सांगावं लागणार नाही. नावं बदलून त्याचं मराठवाड्यातलं नाटक करायची घाईही नको. सुंदरबन सुंदरबनच राहू द्या, प्रेक्षक आपला दुष्काळ घेऊनच आलेला असतो.

वेळ संध्याकाळी पाचची, उन्हाळ्यात साडेपाचची. नटांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही आणि प्रेक्षकांचे चेहरे दिसतील एवढा उजेड हवा. नाटक तासाभरात संपलं पाहिजे. संपल्यावर चादर पसरा, ज्याला जमेल तो टाकेल. पैसे मोजायच्या आधी मागं उभ्या असलेल्यांकडं जा आणि विचारा, कुठं ऐकू आलं नाही, कुठं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशीची तालीम तिथून सुरू करा.

नमस्कार.